मत एकीकडे, शेअर दुसरीकडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं की नाही या मतदानाला दहा वर्षं होत आली, त्या काळात ज्यांनी ब्रिटिश बँकांचे शेअर घेतले किंवा विकले त्यांनी आपापला अनुभव आणि प्रश्न कळवा. पत्रं भरपूर आली, आणि वाचताना मला जाणवलं की दहा वर्षांनीसुद्धा लोकांच्या मनात ती दोन प्रकरणं वेगळी झालेली नाहीत, आपण कोणाला मत दिलं ते आणि आपल्याकडे कुठला शेअर होता ते. म्हणून या वेळी याच विषयाची पत्रं घेतलीत.

प्रश्न : ताई, मी हॅरोला राहतो आणि माझा साडू वेम्बलीला. दोघांकडे लॉईड्स बँकेचे शेअर होते. मी रिमेनला (युनियनमध्ये राहण्याला) मत दिलं, त्याने लीव्हला (बाहेर पडण्याला). निकालाच्या शुक्रवारी सकाळी मी घाबरून सगळे ५५ पेन्सला (पाउंडाचे शंभर पेन्स) विकून टाकले आणि त्याने त्याच दिवशी अजून घेतले, म्हणाला आता देश मोकळा झाला, बँका धावणार. मे २०१७ मध्ये भाव सत्तरच्या वर गेला तर त्या वर्षी गणपतीत त्याने मला सगळ्यांसमोर ऐकवलं. मग २०२० मध्ये भाव पंचवीसवर आला तेव्हा मी त्याला ऐकवलं. आता भाव चढल्यावर परत त्याची पाळी. घरातल्या बायका या विषयाला कंटाळल्या आहेत. तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?

उत्तर : दादा, तुमच्या दोघांचंही नाही, आणि हे मी मन राखायला म्हणत नाहीये, का ते सांगते.

आधी तो दिवस आठवा. २३ जून २०१६, गुरुवार. रात्री दहाला मतदान संपलं तेव्हा बाजाराला वाटत होतं रिमेन जिंकतंय, पाउंड दीड डॉलरपर्यंत चढला होता. मी जागीच होते. मध्यरात्रीनंतर संडरलंडचा निकाल आला, तिथे लीव्हला ६१ टक्के, आणि पाउंड माझ्या डोळ्यांसमोर घसरायला लागला, सकाळपर्यंत १.३३ च्या खाली, १९८५ नंतरचा सगळ्यात कमी. शेवटी लीव्ह ५१.९ टक्के, रिमेन ४८.१. आठ वाजता शेअर बाजार उघडला आणि बँका आपटल्या, लॉईड्स दिवसअखेर २१ टक्के खाली, ७२ पेन्सवरून ५७ वर, बार्कलेज आणि आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) सतरा-अठरा टक्क्यांनी खाली. सोमवारी परत तेच, बार्कलेज आणि आरबीएसचे व्यवहार काही मिनिटं थांबवावे लागले इतकी विक्री आली.

आता प्रश्न असा की का? त्या दिवशी देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला नव्हता, बाहेर पडायची अधिकृत नोटीससुद्धा (कलम ५० ची) २९ मार्च २०१७ ला गेली, प्रत्यक्ष बाहेर पडणं ३१ जानेवारी २०२० ला. बँकेच्या एकाही शाखेत त्या शुक्रवारी काही बदललं नव्हतं. बदलला तो फक्त अंदाज, आणि तो अंदाज दोन गोष्टींचा होता. एक, बँक ऑफ इंग्लंड, म्हणजे ब्रिटनची रिझर्व्ह बँक, आता व्याजदर कमी करणार. बँक ठेवीदाराला देते ते व्याज आणि कर्जदाराकडून घेते ते व्याज यातल्या फरकावर जगते, दर शून्याजवळ गेला की ठेवीवर अजून कमी देता येत नाही आणि कर्जावरचं मिळणं मात्र घटतं, म्हणजे तो फरक चिमटला जातो. दोन, मंदी आली तर लोकांच्या नोकऱ्या जाणार, होमलोनचे हप्ते थकणार, बुडीत कर्ज वाढणार. लॉईड्स ही ब्रिटनमधली सगळ्यात मोठी होमलोन देणारी बँक, तिचं बाहेरच्या देशांत जवळपास काही नाही, म्हणून मोठ्या बँकांत ती सगळ्यात जास्त पडली. यात लीव्ह बरोबर की रिमेन बरोबर असा निवाडा कुठेच नव्हता.

पहिला अंदाज खरा ठरला. ४ ऑगस्ट २०१६ ला दर ०.५० वरून ०.२५ वर आणला, बँक ऑफ इंग्लंडच्या तीनशेहून जास्त वर्षांत तोवरचा सगळ्यात कमी. दुसरा अंदाज खोटा ठरला, ती लगेच येणारी मंदी आलीच नाही, लोक खर्च करत राहिले, म्हणून तुमच्या साडूंचा भाव मे २०१७ पर्यंत सत्तरच्या वर गेला. त्यांना वाटलं हा लीव्हचा विजय. पण त्याच वर्षी ८ जूनच्या निवडणुकीत पंतप्रधान थेरेसा मे यांचं बहुमत गेलं आणि पुढची अडीच वर्षं तो भाव कधी साठच्या वर कधी खाली असा लोंबकळत राहिला. मग २०२० मध्ये पंचवीस झाला तो करोनामुळे, त्यात रिमेनवाल्यांनी खूश व्हावं असं काय होतं? आणि आता जो चढला तो मुख्यतः डिसेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२३ मध्ये व्याजदर ०.१ वरून ५.२५ टक्क्यांवर गेला म्हणून, महागाईमुळे. त्यातही लीव्हचा विजय शोधायला गेलात तर सापडायचा नाही.

हिशोबच करायचा तर एक गोष्ट सांगते जी तुम्ही दोघंही विसरलात, डिव्हिडंड, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते ते पैसे. जून २०१६ नंतर सप्टेंबर २०१९ पर्यंत लॉईड्सने एका शेअरमागे मिळून दहा पेन्सच्या आसपास दिले. साडूंनी पंचावन्नला घेतले असतील तर त्यांना जवळजवळ एक पंचमांश रक्कम त्यातच परत आली. तुम्ही विकलेले पैसे कुठे ठेवलेत ते पत्रात नाही. बचत खात्यात पडून राहिले असतील तर त्यावर काहीच मिळालं नसेल, आणि तुमचं खरं नुकसान ते आहे, विकणं नाही. घाबरून विकणं माणसाकडून होतं, पण विकल्यावर चार वर्षं पैसे तसेच ठेवणं हे रागातून होतं, की या देशाचं आता काही खरं नाही. मी असे खूप जण बघितलेत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ते सगळे हुशार, कष्टाने पैसे साठवलेले लोक होते.

साडूंना माझा नमस्कार सांगा आणि यंदा गणपतीत हा विषय नको.

प्रश्न : मी ठाण्याला राहते, मुलगा लंडनला नोकरीला आहे. २०१६ मध्ये त्याच्या सांगण्यावरून आम्ही रिझर्व्ह बँकेच्या परदेशी रक्कम पाठवायच्या योजनेतून थोडे पैसे पाठवून ब्रिटिश बँकांचे शेअर घेतले होते. एक समजलं नाही, एकाच बातमीने लॉईड्स इतका पडला आणि एचएसबीसी जेमतेम पडून वर कसा गेला? दोन्ही लंडनच्याच बँका ना?

उत्तर : दोन्हींची पाटी लंडनची, पण धंदा वेगळीकडे. एचएसबीसीचा बराचसा नफा हाँगकाँग आणि आशियातून येतो, हिशोब डॉलरमध्ये असतो, आणि शेअरचा भाव मात्र लंडनमध्ये पेन्समध्ये सांगतात. पाउंड पडला की तोच डॉलरचा नफा पाउंडात मोजला तर जास्त दिसतो. म्हणून निकालाच्या दिवशी तो दोन टक्केही पडला नाही आणि नंतर चढत गेला. याच कारणाने लंडनचा शंभर मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक आठवड्याभरात भरून निघाला आणि लीव्हचे पुढारी तो आकडा दाखवून म्हणायला लागले बघा काही झालं नाही, पण त्या शंभरांतल्या बहुतेकांची कमाई बाहेरची आहे. त्या खालच्या अडीचशे कंपन्यांचा निर्देशांक, ज्यात देशातला धंदा जास्त, तो त्याच शुक्रवारी सात टक्के पडला होता. बाजाराला काय वाटतंय हे बघायचं असेल तर कुठला आकडा बघतोय ते आधी बघावं.

आणि तुमच्यासाठी यात अजून एक पदर आहे जो लंडनमधल्यांना नव्हता. तुमचे पैसे रुपयांचे. मतदानाच्या आधी पाउंड शंभर रुपयांच्या आसपास होता, निकालाच्या दिवशी त्र्याण्णवच्या आसपास, ऑक्टोबरपर्यंत ऐंशी-ब्याऐंशी. म्हणजे लॉईड्सचा एक शेअर गुरुवारी तुम्हाला ७२ रुपयांचा होता तो शुक्रवारी ५३ चा झाला, लंडनवाल्याचे २१ टक्के गेले, तुमचे २६. नंतर ऑक्टोबरपर्यंत पेन्समधला भाव कधी थोडा सुधारला तरी तुमचं काही सुधारलं नाही, ते पाउंडाने खाल्लं. दुसऱ्या देशातला शेअर घेतो तेव्हा आपण शेअर आणि चलन दोन्ही घेतो, हे मुलाने तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं.

खरं तर मुंबईच्या बाजारातही लंडनची एक बँक मिळायची, बऱ्याच जणांना आता आठवत नाही. स्टँडर्ड चार्टर्डने २०१० मध्ये इथे डिपॉझिटरी रिसीट काढल्या होत्या, दहा रिसीट म्हणजे लंडनचा एक शेअर, आणि त्या २०२० मध्ये बंद झाल्या. त्या धरून बसलेल्यांना ब्रेक्झिटने नाही मारलं, त्या बँकेची आशियातली कर्जं बुडाली, त्यात भारतातलीही होती, २०१५ च्या शेवटी भागधारकांकडून नव्याने पाच अब्ज डॉलर उभे करावे लागले. हे मुद्दाम सांगतेय कारण तेव्हा लंडनचं नाव असलेली कुठलीही बँक पडली की आपल्याकडे ब्रेक्झिट ब्रेक्झिट म्हणायची सवय लागली होती.

प्रश्न : ताई, मी स्लाउला टॅक्सी चालवतो. २०१९ चं पूर्ण वर्ष मी फोनवर पार्लमेंट बघत बघत आरबीएस आणि लॉईड्स घेतले-विकले. कधी मिळाले, जास्त गेले. एवढं सगळं बघून, समजून सुद्धा का गेले? माझ्या बरोबरचे म्हणतात नशीब.

उत्तर : नशीब म्हणू नका. आणि तुम्ही एकटे नव्हता, त्या वर्षी मीही तेच करत होते.

ते दिवस असे होते की राजकारणाचा एक शब्द आणि बँकेचा शेअर पाच टक्के. १५ नोव्हेंबर २०१८ आठवतो का, आदल्या दिवशी मंत्रिमंडळाने युनियनमधून बाहेर पडायचा करार मान्य केला, सकाळी ब्रेक्झिट मंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला आणि आरबीएस एका दिवसात नऊ टक्क्यांच्या वर पडला. मग १५ जानेवारी २०१९, मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ ने पडला, २३० मतांनी, इतका मोठा पराभव आधुनिक काळात कुठल्या सरकारचा झाला नव्हता, आणि पाउंड त्याच रात्री सावरून वर आला! आपल्यासारख्यांना वाटलं होतं करार पडला म्हणजे विका, आणि ज्यांचा हा धंदाच आहे ते म्हणत होते आता नो डील (कराराशिवाय बाहेर पडणं) होऊ देणार नाहीत, बाहेर पडायची तारीख पुढे जाणार, घ्या. मार्चमध्ये अजून दोनदा करार पडला, तारीख २९ मार्चची १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी. दर वेळी बातमी खरी होती, तुम्हाला कळलेलीही बरोबर होती, पण बाजाराने त्या बातमीचं आधीच काय धरलं आहे हे आपल्याला फोनवर दिसत नाही. आपल्याला निकाल कळतो, भावात तो निकाल आधी किती मुरलाय ते कळत नाही, आणि पैसा त्या फरकात असतो.

त्यात आपलं स्वतःचं मन. मला नो डीलची भीती वाटत होती, खरंच वाटत होती, म्हणून प्रत्येक बातमीत मला नो डील दिसायचं आणि मी विकायचे. १० ऑक्टोबरला मे यांच्या जागी आलेले पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर लिव्हरपूलजवळ विरलमध्ये भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले मार्ग दिसतोय. दुसऱ्या दिवशी लॉईड्स आणि आरबीएस दहा टक्क्यांहून जास्त चढले. माझ्याकडे त्या दिवशी एकही शेअर नव्हता, मी आठवड्यापूर्वीच विकले होते. (वराडकरांचे वडील मालवणजवळच्या वराडचे, म्हणून आमच्या ओळखीतले बरेच जण ती बातमी अभिमानाने एकमेकांना पाठवत होते, मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.) मग डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३६५ जागा, ऐंशीचं बहुमत, १३ तारखेला बँका परत उसळल्या, आणि आता सगळं स्पष्ट झालं असं मानून मी त्या सकाळी चढ्या भावाला घेतले. साडेतीन महिन्यांनी, ३१ मार्च २०२० ला, बँक ऑफ इंग्लंडच्या नियामकांच्या सांगण्यावरून सगळ्या मोठ्या बँकांनी डिव्हिडंड रद्द केले. ते करोनामुळे, त्याचं ब्रेक्झिटशी काही नातं नव्हतं.

एक कागद मात्र तेव्हा उघड पडलेला होता, तो आपण वाचायला हवा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने सगळ्यात वाईट, गोंधळाच्या नो डीलचं चित्र मांडलं : अर्थव्यवस्था ८ टक्के आक्रसेल, बेकारी साडेसात टक्के, घरांचे भाव ३० टक्के खाली, व्याजदर साडेपाच. आणि त्याच वेळी सांगितलं की मोठ्या बँकांकडे एवढा धक्का सोसून वर कर्ज देत राहायला पुरेसं भांडवल आहे. वर्तमानपत्रांनी पहिला अर्धा भाग छापला, लीव्हवाल्यांनी त्याला घाबरवणं म्हटलं, रिमेनवाल्यांनी तो पुरावा म्हणून नाचवला, आणि बँकेचा शेअर हातात असलेल्या माणसाला खरं जे हवं होतं, तो दुसरा अर्धा, त्यावर कोणी बोललंच नाही. तेव्हा ज्याने तो वाचून शेअर शांतपणे ठेवले त्याला २०२० मध्ये तोटा दिसलाच असता, पण आपल्यासारखं दर आठवड्याला ब्रोकरला कमिशन आणि प्रत्येक खरेदीवर अर्धा टक्का स्टॅम्प ड्युटी तरी गेली नसती. तुमच्या वर्षभराच्या खरेद्या मोजा आणि त्या अर्ध्या टक्क्याची बेरीज करा, तुम्ही म्हणता त्या जास्त गेलेल्या पैशांतला बराच भाग तिथे सापडेल.

प्रश्न : पुण्यात एका परदेशी बँकेच्या टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये आहे. सीनियर लोक सांगतात की पासपोर्टिंग गेलं म्हणून लंडनच्या बँका बुडणार असं तेव्हा वाटत होतं. पासपोर्टिंग म्हणजे नक्की काय आणि किती फरक पडला?

उत्तर : थोडक्यात सांगते. एका सदस्य देशात परवाना असला की त्यावर पूर्ण युरोपियन युनियनमध्ये धंदा करता यायचा, त्याला पासपोर्टिंग म्हणत. ते ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. त्याची तयारी बँकांनी आधीच केली, बार्कलेजने डब्लिनची आपली बँक मोठी केली, एचएसबीसीने पॅरिसकडे काम वळवलं, बऱ्याच अमेरिकन बँका फ्रँकफर्टला गेल्या, युरोपची बँकिंग देखरेख करणारी संस्थासुद्धा लंडनहून पॅरिसला गेली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपियन शेअरच्या उलाढालीत ॲम्स्टरडॅमने लंडनला मागे टाकलं. म्हणजे फरक पडला, पण तो लंडन शहराला आणि तिथल्या नोकऱ्यांना. लॉईड्ससारखी घरकर्जावर चालणारी बँक घेऊन बसलेल्या माणसाला पासपोर्टिंगची काळजी करायचं काही कारणच नव्हतं, तरी तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक बैठकीत त्याच शब्दावर तासभर जायचा.

प्रश्न : मी लेस्टरला एकटी असते, वय ७४. यजमान २०११ मध्ये गेले. त्यांनी आरबीएसचे शेअर २००७ मध्ये घेतले होते, कागद माझ्याकडे कपाटात आहेत. मुलगा म्हणतो आई तू लीव्हला मत दिलंस म्हणून ते शून्य झाले. मला ते फार लागलं आहे. खरंच माझ्यामुळे झालं का?

उत्तर : आजी, अजिबात नाही. हे उत्तर मुलाला वाचून दाखवा.

आरबीएस बुडाली ती २००८ मध्ये, मतदानाच्या आठ वर्षं आधी. २००७ मध्ये डच बँक एबीएन ॲम्रो अवाच्या सवा किमतीला घेतली, हाताशी भांडवल नव्हतं, आणि जगभर पैसा आटला तेव्हा सरकारला साडेपंचेचाळीस अब्ज पाउंड घालून ती वाचवावी लागली, ८४ टक्के हिस्सा सरकारचा झाला. तुमच्या यजमानांचे पैसे तेव्हाच गेले होते. २०१२ मध्ये दहा शेअरचा एक केला. त्या हिशोबाने सरकारला प्रत्येक शेअर सरासरी ५०२ पेन्सला पडला होता आणि सरकारने स्वतः २०१५ मध्ये, म्हणजे मतदानाच्या आधी, त्यातले काही ३३० ला विकले. मतदानाने भाव अजून पाडला हे खरं, अडीचशेच्या आसपासचा दोन दिवसांत पावणेदोनशेच्या खाली आला, पण तो नंतर परतही आला. सरकारने शेवटचा हिस्सा ३० मे २०२५ ला विकला, एकूण ३५ अब्जांच्या आसपास परत मिळाले, बाकीचे सगळ्या करदात्यांचे गेले. दोन्ही बाजूंनी मत दिलेल्यांचे.

आणि ते शून्य झालेले नाहीत. बँकेचं नाव २०२० मध्ये नॅटवेस्ट ग्रुप झालं, बहुतेक म्हणूनच मुलाला आरबीएस या नावाने भाव सापडला नसेल. कपाटातल्या कागदावर जो आकडा असेल त्याचा साधारण दहावा भाग धरा, नंतर २०२२ मध्ये पंधराचे चौदा केले म्हणून अजून थोडा कमी. दहा वर्षं बंद असलेला डिव्हिडंड २०१८ मध्ये परत सुरू झाला आणि करोनाचा खंड सोडला तर येतो आहे. खातं अजून यजमानांच्या नावावर आणि जुन्या पत्त्यावर असेल तर ते चेक कुठेतरी अडकून पडले असणार. नॅटवेस्टच्या भागधारकांची नोंदवही कॉम्प्युटरशेअर ही कंपनी ठेवते, त्यांना मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राचा कागद आणि शेअरच्या कागदावरचा नंबर घेऊन पत्र लिहा, शेअर तुमच्या नावावर करून मागा आणि २०१८ पासूनचे न वटलेले डिव्हिडंड किती आहेत ते विचारा. फार जुने पैसे कंपनी काही वर्षांनी परत घेऊ शकते, त्यामुळे हे काम या आठवड्यातच करा. कागद सापडत नसतील किंवा फॉर्म समजत नसेल तर मला परत कळवा, आपण मिळून भरू.